नागसेनवनाचं जॅकेट

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी सॉरी. रिलीज होता. रिलीज संपला आणि लगेच जिंतूरला जाऊन आलो. आमच्या गावाला रेल्वे नाही, रेल्वे गाठायची तर परभणी नाहीतर सेलू. त्यामुळे पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, जालना गेलं की झोप मोडते आणि मंठ्याच्या पुढं खिडकीतून ओळखीचं काळं रान दिसायला लागतं.

घरी रंगकाम निघालं होतं. रंगकाम निघालं की माळ्यावरची ट्रंक खाली येते, आणि ट्रंक खाली आली की अण्णा दोन दिवस कुणाला हात लावू देत नाहीत. या वेळी त्यातून एक फोटो निघाला. १९७२, मिलिंद महाविद्यालयाचं होस्टेल, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर). चौदा पोरं दोन रांगांत उभी. सगळी वाळलेली, काहींच्या पँटी उघड उघड दुसऱ्याच्या. अण्णा मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. फोटोच्या पाठीमागं शाईनं नावं लिहिलेली, एका कोपऱ्यात ओल लागून एक नाव पुसलेलं.

"हा सिंचन खात्यात गेला. हा बँकेत. हा मास्तर. हा बी मास्तर. हा वकील झाला, चालली नाही वकिली." अण्णा बोट फिरवत होते. पुसलेल्या नावापाशी बोट थांबलं. "याचं नाव... अरे, मिलोची भाकर खाऊन याचंच पोट दुखायचं." १९७२ म्हणजे दुष्काळाचं वर्ष, मेसमध्ये परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. पोटदुखी आठवते, नाव आठवत नाही.

तो फोटो बघताना मला अटलांटा आठवलं. संबंध काय ते सांगतो, जरा लांबून यावं लागेल.

काही वर्षांपूर्वी मी तिकडे ऑनसाइट होतो. क्लायंटकडचा टेस्टिंग लीड काळा होता, वयानं माझ्याहून थोडा मोठा. त्याला आपण डी म्हणू. एकदा आम्ही चौघं, म्हणजे डी, मी आणि आपल्याकडचे दोघं, जेवायला निघालो. वाटेत पेट्रोलसाठी थांबलो. पलीकडच्या पंपावर सत्तरीचा एक म्हातारा उभा, अंगात काळं-सोनेरी जॅकेट, त्यावर तीन ग्रीक अक्षरं. डी गाडीतून उतरला तो थेट त्याच्याकडे गेला. दोघांनी एक विचित्र प्रकारचं हस्तांदोलन केलं, मोठ्यानं हसले, पाच मिनिटं बोलले. डी परत आला तो म्हाताऱ्याचं कार्ड खिशात घालतच. मी विचारलं, काका होते का? तो म्हणाला, छे, आज पहिल्यांदाच बघितलं, पण भाऊ आहे.

मग जेवताना त्यानं सगळं सांगितलं. आपण हिंदी सिनेमात आणि अमेरिकन सिरियलमध्ये कॉलेजच्या फ्रॅटर्निटी बघतो त्या म्हणजे बियर आणि धिंगाणा. काळ्यांच्या फ्रॅटर्निटीची जन्मकथा वेगळी आहे. १९०४-०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सहा काळे विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी त्यातला एकही परत आला नाही. कुणी हाकललं नव्हतं. राहायला नीट जागा नाही, अभ्यासाला सोबत नाही, वर्गात कुणी बोलत नाही, एवढं पुरतं माणूस निघून जायला. (जिंतूरहून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.) त्यानंतर जे आले त्यांनी आधी एक अभ्यासमंडळ काढलं, आणि ४ डिसेंबर १९०६ ला त्यातल्या सात जणांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी स्थापन केली. त्यांच्यातले काही जण गोऱ्या पोरांच्या फ्रॅटर्निटीच्या घरांत वाढप्याचं काम करायचे. म्हणजे ताटं वाढता वाढता बघून घेतलं की हे लोक नक्की काय करतात, आणि मग आपलं स्वतःचं उभं केलं.

पुढची नावं ऐकली तर छाती दडपते. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस अल्फाचे. मार्टिन ल्यूथर किंग अल्फाचे, १९५२ मध्ये बॉस्टनला शिकत असताना सभासद झाले. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा खटला लढवणारे आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल अल्फाचे. हिटलरच्या बर्लिनमध्ये चार सुवर्णपदकं मारणारा जेसी ओवेन्स, जॅझवाला ड्यूक एलिंग्टन, दोघेही अल्फाचे. अटलांटाच्या विमानतळाच्या नावात जे जॅक्सन आहेत, शहराचे पहिले काळे महापौर मेनार्ड जॅक्सन, तेही. बाकीच्या संघटनांची यादी वेगळीच: कवी लँग्स्टन ह्यूज ओमेगा साय फायचे, कमला हॅरिस अल्फा कप्पा अल्फा या बायकांच्या संघटनेच्या. अशा एकूण नऊ आहेत.

मी यादीनं भारावलो होतो. डीला मात्र यादीचं फार काही नव्हतं. तो म्हणाला, नावं भिंतीवर लावायला असतात. मला पहिली नोकरी लागली ती एका भावानं इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री फोन करून दोन तास माझी तयारी घेतली म्हणून. त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही.

आणि मग त्यानं सहज विचारलं, "तुझ्या कॉलेजात, तुझ्या वडिलांच्या कॉलेजात, असं काही होतं?"

टेबलावर आपल्याकडचे दोघं बसले होते. चांगली मुलं. एक सदाशिव पेठेतला, एक नागपूरचा. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "नाही. आमच्याकडे असलं काही नसतं."

होतं की!

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण पुण्यात वाढलेल्या माझ्या अनेक मित्रांना खरंच माहीत नसतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शिक्षणाची अवस्था काय सांगावी. गावात चौथीपर्यंत शाळा असली तरी नशीब. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग होते. आणि नंतर मुंबई सोडून ते कुठं आले? औरंगाबादला. १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं, १९५१ च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव दिलं मिलिंद, परिसराला नागसेनवन.

हे नाव मला फार आवडतं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्यानं भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले. ती प्रश्नोत्तरं म्हणजे मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ. कॉलेजला सहसा उत्तर देणाऱ्याचं किंवा देणगी देणाऱ्याचं नाव देतात. इथं प्रश्न विचारणाऱ्याचं दिलंय, आणि उत्तर देणाऱ्याच्या नावाची झाडं आजूबाजूला. अमेरिकेतल्या त्या पोरांनी ग्रीक अक्षरं घेतली, आमच्याकडे एक अख्खा ग्रीक राजाच आहे :-)

आणि हे कॉलेज एका जातीचं नव्हतं, आजही नाही. सुरुवातीच्या काळात प्राचार्य होते म. भि. चिटणीस, जन्मानं सवर्ण. 'युगयात्रा' हे नाटक त्यांचंच. पण खेड्यातल्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा जिथं कुणी 'लांब हो' म्हणत नाही अशी जागा म्हणजे ते होस्टेल होतं. अण्णा जिंतूर तालुक्यातल्या ज्या खेड्यातून गेले तिथं त्यांच्या आधी कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं. १९६९ ला एसटीनं निघाले, एका पिशवीत दोन कपडे आणि दुसरीत ज्वारीचं पीठ. होस्टेलवर पोचले तर दाराशी एक अनोळखी पोरगा उभा. त्यानं विचारलं, "कोणता तालुका?" जात नाही, तालुका. अण्णा ही गोष्ट सांगताना अजून थांबतात.

काळ्या अमेरिकेशी आमचं नातं मी जोडतोय असं समजू नका. ते आधीच जोडलेलं आहे, मला फक्त उशिरा कळलं. सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, १९४६ ला, बाबासाहेबांनी द्यु बॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या; अस्पृश्यांच्या वतीनंही असं काही करावं असा विचार होता. द्यु बॉइसनी उत्तर दिलं, मी तुमचं नाव ऐकून आहे, माझी सहानुभूती तुमच्या बाजूला आहे. अल्फाचा माणूस आणि नागसेनवनाचा बाप, एका पत्राच्या अंतरावर!

पुढं मिलिंदचेच प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्या लेखकांनी काय लिहिलंय ते इथल्या पोरांना सांगायला लागले. नागसेनवनातूनच १९६७ ला 'अस्मिता' निघालं, पुढच्या वर्षी त्याचं 'अस्मितादर्श' झालं, आणि गंगाधर पानतावणे सरांनी ते नियतकालिक जन्मभर चालवलं. दलित साहित्यातली कितीतरी नावं आधी त्यात छापून आली. पानतावणे सरांना २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक आमच्या घरात कपाटात होतं. शाळेत असताना मला वाटायचं, अण्णांना अमेरिकेचं काय पडलंय!

माजी विद्यार्थ्यांची यादीच हवी असेल तर एक नाव पुरे: विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००६ ते २०११ अध्यक्ष असलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. बी.ए. मिलिंदमधून.

पण यादीपेक्षा मला होस्टेल महत्त्वाचं वाटतं. कारण चळवळी वर्गात होत नाहीत, रात्री अकरानंतर होस्टेलच्या खोलीत होतात. याचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईचा, आणि त्याचं एक टोक दुर्दैवानं आमच्या जिल्ह्यात आहे. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात, विहिरीवर पाणी प्यायल्या म्हणून दोन बौद्ध बायकांची नग्न धिंड काढली गेली. ती बातमी मुंबईला पोचली. वडाळ्याला सिद्धार्थ विहार नावाचं होस्टेल होतं, कवी आणि कार्यकर्त्यांचा अड्डाच. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, अर्जुन डांगळे या सगळ्यांची तिथं उठबस. त्याच महिन्याच्या २९ तारखेला दलित पँथर जन्माला आली. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि पंधरा ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड किती आणि दलित बाईच्या अब्रूला किती, हा त्यांचा हिशेब वाचून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो वडीलधाऱ्यांना विचारा.

जाता जाता, ब्लॅक पँथरच्या दोन संस्थापकांपैकी ह्यूई न्यूटन हाही कॉलेजात असताना फाय बीटा सिग्मा या काळ्या फ्रॅटर्निटीत गेला होता. म्हणजे तिकडेही सूट घातलेले आणि बंदूक घेतलेले एकाच अंगणातून निघाले होते.

अण्णांचा तो फोटो त्याच १९७२ चा. मी विचारलं, ब्राह्मणगावचं कळलं तेव्हा होस्टेलवर काय झालं? म्हणाले, "काय होणार. रातभर कुणी झोपलं नाही. सकाळी परीक्षेच्या अभ्यासाला बसले."

बरं, फ्रॅटर्निटी म्हणजे सगळं सोनं असं मी म्हणत नाही. नव्या सभासदाला मारझोड करायची तिकडे वाईट प्रथा आहे, आपल्या रॅगिंगसारखी. त्यात पोरं मेलेली आहेत. बंदी आहे, तरी बातम्या येतात. शिवाय शिकलेल्या काळ्यांनी आपलाच एक वरचा थर करून घेतला, बाकीच्यांकडे पाठ फिरवली, ही टीका तिथल्याच ई. फ्रँकलिन फ्रेझर या काळ्या समाजशास्त्रज्ञानं १९५७ च्या 'ब्लॅक बुर्झ्वाझी'त केली. आमच्याकडे हे बाबासाहेबांनी एक वर्ष आधीच, १९५६ ला आग्र्याच्या भाषणात सांगून ठेवलं होतं: शिकलेल्यांनी मला दगा दिला. ही ओळख नको असलेली आहे, पण आहे.

तरी एक फरक राहतोच, आणि मला तोच सांगायचाय. अल्फाचं सभासदत्व कॉलेजबरोबर संपत नाही. नोकरी लागली की तुम्ही शहराच्या शाखेत जाता, पदवीधरांच्या. म्हातारे आणि तिशीतले एकाच बैठकीत. वर्गणी, शाळकरी पोरांना कॉलेजात जायला लावायचे कार्यक्रम (हे शंभर वर्षांपासून चालू आहेत), मतदार नोंदणी. वॉशिंग्टनला किंगचं जे मोठं स्मारक २०११ ला उभं राहिलं ते मुळात या फ्रॅटर्निटीनं मनावर घेतलं म्हणून. माणूस तिथं मरेपर्यंत भाऊ असतो.

आमच्याकडे ही दोरी एका पिढीपर्यंत होती, आणि चांगली घट्ट होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. अण्णा तेव्हा नुकते मास्तर झालेले, एका खेड्यात. त्यांना रातोरात तिथून निघावं लागलं. गेले कुठं? होस्टेलच्या जोडीदाराच्या खोलीवर, औरंगाबादला. त्या दहा बाय दहाच्या खोलीत तेव्हा नऊ जण होते, सगळे नागसेनवनवाले, सगळे कुठल्या ना कुठल्या खेड्यातून पळून आलेले. विद्यापीठाला नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी, आणि तेही पूर्ण बदललं नाही, नामविस्तार झाला. ते नऊ जण अजून एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जातात.

शिकलेल्या नोकरदारांची संघटना बांधायची कल्पनाही आपल्याच मातीत झाली. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते; दीनाभाना आणि डी. के. खापर्डे यांच्याबरोबर त्यांनी इथूनच सुरुवात केली आणि ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी राहिली. शिकलात, नोकरी लागली, आता समाजाचं देणं द्या. पैसा, वेळ, डोकं. सरळ हिशेब.

मग माझ्यापाशी येऊन दोरी का तुटली? माझं उत्तर असं. अण्णांची पिढी सरकारी नोकरीत गेली. तिथं आरक्षण होतं, रोस्टर होतं, मागासवर्गीय कर्मचारी संघटना होती. तुम्ही कोण ते ऑफिसला पहिल्या दिवसापासून माहीत. लपवायला काही शिल्लकच नव्हतं, म्हणून बिनधास्त एकत्र येता आलं. आम्ही आयटीत आलो. इथं 'आम्ही फक्त मेरिट बघतो' हे वाक्य इतक्या वेळा ऐकवतात की आपण कुठून आलो ते सांगणं म्हणजे मेरिट कमी असल्याची कबुली वाटायला लागते. माझं आडनाव गावावरून 'कर' लावलेलं आहे. अण्णांनी शाळेत असतानाच बदलून घेतलं होतं. ते आडनाव मला पंधरा वर्षं फार उपयोगी पडलं. डब्याच्या टेबलावर आरक्षणावरून विनोद झाले की मी मोबाईल बघतो.

डीच्या कातडीला 'कर' लावता येत नाही. त्याला लपवायची सोयच नाही, म्हणून तो जॅकेट घालतो. मला सोय आहे, म्हणून माझ्याकडे जॅकेट नाही. सोय फार वाईट असते, कारण ती एकट्याचीच असते. मी वाचलो की दुसऱ्याला ओळखायचं बंद करतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक मुलगी जॉइन झाली, हिंगोलीकडची. कोड स्वच्छ, बोलणं कमी. लॅपटॉपवर कोपऱ्यात छोटं निळं अशोकचक्राचं स्टिकर. मी पहिल्याच दिवशी बघितलं आणि काही बोललो नाही. पहिल्या अप्रेझलला तिला स्वतःबद्दल लिहिता आलं नाही. 'आय डिड' लिहायच्या ठिकाणी सगळीकडे 'वी डिड' लिहिलं. हे आमच्याकडच्या पोरांचं नेहमीचं आहे, मी पण लिहायचो, आणि ते कसं लिहायचं हे मला कळायला चार वर्षं आणि दोन वाया गेलेली प्रमोशनं लागली. मी तिला दहा मिनिटांत सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. आठ महिन्यांनी ती गेली. शेवटच्या दिवशी कॉफी मशीनपाशी म्हणाली, "सर, तुम्ही जिंतूरचे ना? माझे पप्पा नागसेनवनचे." वाक्य पुरं करून ती थांबली. म्हणजे पंपावर डी थांबला होता तसंच, हात पुढं करून.

मी म्हणालो, "हो का? छान. ऑल द बेस्ट."

आता तुम्ही म्हणाल (कमेंटमध्ये म्हणण्याआधीच लिहितो), ऑफिसात जातीचा ग्रुप काढायचा का? मला पण आधी तसंच वाटायचं. पण आपल्या महाराष्ट्राचं शिक्षणच मुळात बोर्डिंगांवर उभं आहे. शाहू महाराजांनी १९०१ ला कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जातीजातीची का? कारण एका पंगतीला कुणी बसत नव्हतं, आणि पोरं शिकायला तर हवी होती. नंतर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ ला सगळ्या जातींचं एकच बोर्डिंग करून दाखवलं. म्हणजे आधी छप्पर, मग एकत्र छप्पर. अल्फानंही १९४५ पासून काळे नसलेल्यांना दार उघडं केलं.

आणि ऑफिसात ग्रुप नाहीत असं कोण म्हणतं? 'आमच्या शाळेचा आहे', 'आमच्या सोसायटीतला', 'बाबांचे मित्र आहेत त्याचे काका' या वाक्यांवर किती रेझ्युमे एचआरच्या ढिगातून वर आले ते मी स्वतः मोजलेत. त्याला कुणी जात म्हणत नाही, नेटवर्किंग म्हणतात. ज्याच्या बापाला काकाच नव्हता ऑफिसात, त्यानं काय करायचं? कॅलिफोर्नियात तर २०२० साली तिथल्या सरकारी खात्यानं एका मोठ्या कंपनीवर भारतीयांनी भारतीयाशीच जातभेद केल्याचा दावा लावला, आणि २०२३ ला सिएटल शहरानं जातभेदावर बंदी घातली. तिकडे शब्द तरी उच्चारला जातोय. आपल्याकडे हिंजवडीत अजून सगळे 'कास्टलेस'.

मला जयंतीचा डीजे नको आहे. तो आहेच, एप्रिलमध्ये कान फुटेपर्यंत आहे. स्मारकही नको. मला इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री दोन तास देणारा माणूस हवा होता, २००४ साली. मिळाला नाही. आता मी तो माणूस होऊ शकतो आणि होत नाही, एवढीच माझी तक्रार आहे आणि ती माझ्याविरुद्धच आहे.

असो. फोटोचं राहिलं. पुसलेलं नाव अण्णांना काही चैन पडू देईना. रंगाच्या वासात ओट्यावर बसून त्यांनी फोन सुरू केले. पहिला परभणीला, बँकवाल्याला. त्याला नाव आठवेना, पण गाव आठवलं. दुसरा सिंचनवाल्याला, त्यानं भावाचं नाव सांगितलं. तिसरा एका मास्तरला. दुपारी चारला माणूस सापडला, नांदेडला, जिवंत, ठणठणीत. लिंक्डइनला जमलं नसतं. दोघं अर्धा तास बोलले, त्यातला वीस मिनिटं मिलोच्या भाकरीवर. मग अण्णांनी फोन माझ्याकडे दिला, "घे, बोल, काका आहेत."

"जय भीम, काका," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं म्हणालो.

"जय भीम, जय भीम. पुण्यात असतोस म्हणे, कंप्युटरमधी. माझा नातू बी तेच करतोय, शेवटच्या वर्षाला हाय. लाजतो रे फार. त्याचा तो कागुद असतो ना नोकरीचा, पाठवू का तुला?"

पाठवा म्हणलं. काल रात्री आलाय. साडेतीन पानं आहेत, सुरुवातीला 'करियर ऑब्जेक्टिव्ह', शेवटी वडिलांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, प्रोजेक्टमध्ये सगळीकडे 'वी डेव्हलप्ड'. त्याला उद्या अकराला फोन करतो म्हणून मेसेज टाकलाय. ब्लू टिक आली आहे, उत्तर अजून नाही.